खारपाणपट्टा : रक्ताचं क्रिएटिनिन सगळ्यांना पाठ, लघवीची बाटली मात्र कोणी मागत नाही

जळगाव जामोद / संग्रामपूर : पूर्णा काठच्या गावात दोन इंग्रजी शब्द शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही माहीत आहेत. एक टीडीएस आणि दुसरा क्रिएटिनिन. पारावर बसलेल्या माणसाला कोणी विचारतो, ‘‘बापूचं कितीवर गेलं?’’ उत्तर येते, ‘‘सहावर हाय म्हणते डॉक्टर.’’ कशाचं कितीवर, हे सांगायची गरज पडत नाही. ऐकणारा मान हलवतो, कारण सहावर गेलेल्या माणसाचं पुढं काय होतं ते त्यानं याच गावात पाहिलेलं असतं.

हा आकडा रक्तातल्या क्रिएटिनिनचा असतो. तोच पदार्थ लघवीतही मोजला जातो आणि तिथला आकडा अगदी वेगळी गोष्ट सांगतो. ती गोष्ट बऱ्याचदा काही वर्षं आधी कळते. मात्र खारपाणपट्ट्यात किडनीची चर्चा रक्ताच्या आकड्यावर सुरू होते आणि डायलिसिसच्या खुर्चीवर संपते. मधल्या काळात करता येण्यासारखी एक साधी, स्वस्त, सुई न टोचता होणारी तपासणी आहे. तिच्याबद्दल गावात बोललं जात नाही आणि आरोग्य शिबिरात ती क्वचितच दिसते.

पाण्याची बाजू आधी

पूर्णा नदीचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरवर पसरला आहे. आपल्या जिल्ह्यात जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा, मलकापूर या तालुक्यांची कमी-जास्त गावं त्यात येतात. जमिनीखालचा गाळाचा थर खोल आणि पाण्यातच क्षार, म्हणून विहीर असूनही ओलित करता येत नाही अशी इथली शेती. जनावरंही ते पाणी नाखुशीनं पितात. माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या पीत आली.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. नायट्रेटला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि तिथं अशी कोणतीही सूट नाही. पट्ट्यातल्या अनेक हातपंपांनी आणि बोअरनी या दोन्ही रेषा कधीच ओलांडल्या आहेत. त्यासाठीच वान धरणाच्या पाण्यावर जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली. योजनेनं फरक पडला हे खरं. पण नळाला पाणी किती दिवसांनी येतं, शेवटच्या गावापर्यंत पोचतं का, आणि न आलं त्या दिवशी लोक कुठलं पाणी पितात, हे प्रश्न दर उन्हाळ्यात निघतात. ज्याला परवडतं तो आरओचा कॅन घेतो. शेतात काम करणारा मजूर दुपारी तहान लागली की जवळच्या बोअरचंच पितो.

आता नाजूक मुद्दा. खारं पाणी पिल्यानं किडनी खराब होते, हे गावात ठाम मानलं जातं. शास्त्रीयदृष्ट्या ते अजून इतकं सरळ सिद्ध झालेलं नाही. जगात अशा आणखी जागा आहेत जिथं शेतमजुरांमध्ये किडनीचा आजार फार दिसतो आणि नेहमीची कारणं, म्हणजे साखर आणि बीपी, सापडत नाहीत. श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतली उसाची शेती, आणि आपल्या देशात आंध्र प्रदेशच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम भाग. तिथं जड पाणी, फ्लोराइड, जड धातू, शेतीची औषधं, उन्हातलं राबणं आणि कमी पाणी पिणं, अंगदुखीच्या गोळ्या, अशी अनेक कारणं तपासली गेली. एकाच कारणावर शास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही. त्यामुळे खारपाणपट्ट्यात ‘पाणीच दोषी’ म्हणून हात झटकणं जितकं चूक, तितकंच ‘पुरावा नाही’ म्हणून फाइल बंद करणंही चूक. पुरावा गोळा केल्याशिवाय मिळत नसतो. आणि तो गोळा करायची सुरुवात लघवीच्या बाटलीपासून होते.

क्रिएटिनिन म्हणजे नेमकं काय

क्रिएटिनिन हे विष नाही आणि तो आजारही नाही. आपल्या स्नायूंत क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो, तो स्नायूला ताकद पुरवायच्या कामी येतो. त्यातला थोडा भाग रोज आपोआप झिजून क्रिएटिनिन बनतो. रक्तातून ते किडनीकडं जातं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. एखाद्या माणसाच्या अंगात स्नायू जितके, त्या हिशेबानं ते रोज जवळपास सारखंच तयार होतं. पुरुषात वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, बाईमाणसात १५ ते २०. म्हातारपणी स्नायू घटतात, तसं तेही घटतं.

रोज ठरलेलं तयार होतं आणि ठरलेलं बाहेर जातं, याच एका गुणामुळं डॉक्टरांनी त्याला मापाचं भांडं बनवलं. १८८६ साली माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की पिक्रिक आम्ल आणि अल्कली टाकली की क्रिएटिनिनचा नारिंगी-लाल रंग येतो. रंग जितका गडद, तितकं क्रिएटिनिन जास्त. आजही अनेक लॅबमधल्या मशिनी याच रंगावर आकडा काढतात. काही ठिकाणी एन्झाइमची नवी पद्धत आहे, ती जास्त नेमकी असते.

किडनी मंद झाली की क्रिएटिनिन रक्तात साचतं, म्हणून रक्तातला आकडा वाढतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. अडचण अशी की हा आकडा उशिरा वाढतो. किडनीची ताकद निम्म्याच्या आसपास गेली तरी रक्ताचा रिपोर्ट नॉर्मलच्या रेषेत राहू शकतो. दोन किडन्या, दोघींत मिळून लाखो गाळण्या. काही गाळण्या मेल्या तर उरलेल्या जास्त काम ओढतात. बैलजोडीतला एक थकला की दुसरा ओढतो, गाडी चालताना दिसते, तसंच. पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

१.२ हा आकडा दोघांना सारखा नसतो

हे समजायला एक उदाहरण. अनेक लॅबच्या कागदावर रक्तातल्या क्रिएटिनिनची नॉर्मल मर्यादा १.२ च्या आसपास छापलेली असते. पंचवीस वर्षांच्या पोऱ्याचा आकडा १.२ आला आणि पासष्ट वर्षांच्या आजीचाही १.२ आला. कागदावर दोघंही पास. पण वय आणि लिंग धरून किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज काढायचं जे सूत्र आहे, त्यात टाकलं तर पोऱ्याचा आकडा ८६ च्या आसपास येतो आणि आजीचा ५० च्या आसपास. ६० च्या खाली तीन महिने राहिलं तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. म्हणजे एकाच आकड्यावर एक जण ठणठणीत आणि दुसरीनं डॉक्टरकडं जायला पाहिजे. या अंदाजाला रिपोर्टवर ‘ईजीएफआर’ लिहितात. ज्या रिपोर्टवर तो नसेल तिथं डॉक्टरला विचारून घेतलेला बरा.

उलटही होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं जिममध्ये क्रिएटिनची पावडर खातात. त्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन किडनी चांगली असूनही वर दिसू शकतं. आदल्या रात्री मटणाचा बेत झाला असेल तरी थोडा फरक पडतो. अशा वेळी घरात रडारड सुरू होते. तपासणीच्या आधी काय खाल्लं, कोणती पावडर घेतली, हे डॉक्टरला सांगून टाकावं.

लघवीत मोजतात तेव्हा

इथं मोठा गोंधळ होतो. मोबाईलवर रिपोर्ट येतो. त्यात लिहिलेलं असतं, लघवीतील क्रिएटिनिन १४० मिलिग्रॅम. रक्तातल्या एक-दीडची सवय असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि अर्धा तास सांत्वन चालतं. खरं म्हणजे लघवीत शंभर-दीडशे असणं ही साधी गोष्ट आहे. किडनी तेच तर बाहेर फेकते. लघवीतला हा आकडा एकटा वाचून आजार कळत नाही. भरपूर पाणी पिलं तर तो २५-३० वर येतो, उन्हात दिवसभर सोयाबीन सोंगून पाणी कमी पिलं तर दोनशेच्या वर जातो. माणूस तोच, किडनी तीच.

मग मोजतात कशाला? शेतकऱ्याला हे पटकन समजेल. फवारणीच्या पंपात औषध किती आहे हे नुसता रंग पाहून सांगता येत नाही, पाणी किती ओतलं तेही माहीत पाहिजे. लघवीत पाणी किती मिसळलंय याचा अंदाज क्रिएटिनिनवरून येतो. ते रोज जवळपास सारखंच बाहेर पडत असल्यानं, पातळ लघवीत ते कमी आणि घट्ट लघवीत जास्त दिसतं. त्याच्याशी भागाकार केला की दुसरा कोणताही पदार्थ खरोखर किती जातोय ते कळतं.

तो दुसरा पदार्थ म्हणजे बहुतेक वेळा अल्ब्युमिन. हे रक्तातलं प्रथिन. धडधाकट किडनीची गाळणी त्याला लघवीत जाऊ देत नाही, नावापुरतंच जातं. गाळणीची जाळी ढिली पडू लागली की अल्ब्युमिन झिरपतं, आणि हे रक्तातलं क्रिएटिनिन वाढायच्या बरंच आधी सुरू होऊ शकतं. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन, या भागाकाराला ‘एसीआर’ म्हणतात. ३० च्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालेली. ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी.

भागाकार का लागतो ते पाहा. समजा रामभाऊच्या लघवीत लिटरला ६० मिलिग्रॅम अल्ब्युमिन निघालं आणि शामरावच्या लघवीत फक्त २०. नुसतं हे पाहिलं तर रामभाऊला चिंता आणि शामराव मोकळा. पण रामभाऊच्या लघवीत क्रिएटिनिन लिटरला एक ग्रॅम आहे, म्हणून त्याचा एसीआर ६०. शामरावनं तपासणीच्या भीतीनं सकाळपासून दोन तांबे पाणी ढोसलं होतं. त्याचं क्रिएटिनिन लिटरला फक्त पाव ग्रॅम. वीसला पावानं भागलं तर ८०. शामरावची गळती जास्त निघाली.

हीच युक्ती आणखी एका ठिकाणी वापरतात. नशेच्या तपासणीत कोणी लघवीत नळाचं पाणी मिसळून देतो. तिथं आधी क्रिएटिनिन पाहतात. डेसीलिटरला, म्हणजे १०० मिलिलिटरला, २० मिलिग्रॅमच्या खाली आलं की नमुना पातळ केल्याचा संशय धरतात.

चोवीस तासांचा कॅन

किडनी खरंच किती गाळते हे मोजायची जुनी पद्धत म्हणजे चोवीस तासांची लघवी जमा करणं. मोठ्या दवाखान्यात पेशंटला पाच लिटरचा कॅन देतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून वेळ मोजायचा, दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची लघवीही त्यातच. शेवटची राहिली की हिशेब चुकला.

हिशेब असा. समजा दिवसभरात १,४४० मिलिलिटर लघवी झाली, म्हणजे मिनिटाला एक मिलिलिटर. लघवीत क्रिएटिनिन डेसीलिटरला १०० आणि रक्तात १. शंभराला एकनं गुणायचं, एकनं भागायचं, उत्तर १००. म्हणजे किडनी मिनिटाला सुमारे १०० मिलिलिटर रक्त साफ करते. बाकी सगळं तेच ठेवून रक्तात २ असेल तर उत्तर ५०, म्हणजे निम्मी ताकद. याला क्रिएटिनिन क्लिअरन्स म्हणतात.

गंमत म्हणजे कॅन पूर्ण भरला की नाही हेही क्रिएटिनिनच सांगतं. साठ किलोच्या मजुराच्या दिवसभराच्या लघवीत साधारण १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम क्रिएटिनिन यायला पाहिजे. ६०० च आलं तर बहुधा पेशंट दुपारी शेतात गेला आणि बांधावरच मोकळा झाला. या कटकटीमुळंच आता बहुतेक वेळा सकाळच्या एका बाटलीतला एसीआर आणि रक्तावरून ईजीएफआर, एवढ्यावर काम भागवतात. कॅनची गरज अजूनही पडते, विशेषतः ज्यांचे स्नायू फार कमी किंवा फार जास्त आहेत त्यांना.

टकलाच्या बातमीतून शिकायचं ते

डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. देशभरचे कॅमेरे आले. पाण्याचे नमुने घेतले, त्यात क्षार आणि नायट्रेट प्रमाणाबाहेर आढळलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक येऊन गेलं. महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी आणि केसांत सेलेनियम वाढलेलं दाखवलं आणि बोट रेशनच्या गव्हाकडं दाखवलं. सुरुवातीला सगळे पाण्यावरच खापर फोडत होते, हे विसरू नये.

यातून किडनीच्या प्रश्नाला दोन गोष्टी लागू होतात. पहिली अशी की लघवीत सेलेनियम, शिसं किंवा कॅडमियम मोजायचं असेल तर तिथंही साधारणपणे क्रिएटिनिननं भागावं लागतं, नाहीतर पातळ-घट्ट लघवीचा गोंधळ होतो. दुसरी जास्त टोचणारी. केस गळाले तर आठ दिवसांत दिल्लीपर्यंत बातमी गेली, कारण टक्कल फोटोत दिसतं. किडनी वर्षानुवर्षं गळत राहते आणि तिचा फोटो निघत नाही. त्याच पट्ट्यात, त्याच पाण्यावर.

जिल्ह्यात काय होऊ शकतं

गावपातळीवर लघवी तपासायची सवय नाही असं नाही. गरोदर बाई उपकेंद्रात गेली की सिस्टर लघवीत पट्टी बुडवून साखर आणि अल्ब्युमिन पाहते. म्हणजे पट्टी आहे, बाटली आहे, पाहणारी माणसं आहेत. तीस वर्षांवरच्या लोकांची साखर आणि बीपी पाहायचा कार्यक्रमही आयुष्मान आरोग्य मंदिरांतून चालतो, आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. या दोन कामांना जोडायचं तेवढं बाकी आहे. ज्याला साखर किंवा बीपी निघालं, त्याची लघवी त्याच दिवशी का घेतली जात नाही?

पट्टीची मर्यादा मात्र सांगायला पाहिजे. लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन आल्यावरच ती स्पष्ट रंग बदलते. सुरुवातीची गळती, जी थांबवता येण्यासारखी असते, तीच तिच्या नजरेतून सुटते. शिवाय लघवी पातळ की घट्ट हे साध्या पट्टीला कळत नाही. म्हणून साखर-बीपीवाल्यांना लॅबमधला एसीआर लागतोच. वर्षातून एकदा.

आणि एक अडचण, जी आपल्या पट्ट्याला खास लागू होते. श्रीलंका किंवा उद्दानमसारख्या आजारात बिघाड गाळणीच्या जाळीपेक्षा तिच्या पुढच्या नळ्यांत जास्त असतो. अशा पेशंटच्या लघवीत अल्ब्युमिन कमीच दिसतं आणि आजार पुढं सरकत राहतो. म्हणून एकटा एसीआर चांगला आला म्हणजे खारपाणपट्ट्यातला माणूस सुटला असं म्हणता येत नाही. रक्त आणि लघवी एकाच दिवशी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर आणखी एक गोष्ट हाती लागते. रक्त बिघडलेलं पण लघवीत अल्ब्युमिन नाही अशी माणसं एखाद्या गावात भरपूर निघाली, तर त्या गावात साखर-बीपीपेक्षा वेगळं काहीतरी घडतंय असा संशय पक्का होतो. पाण्याचा वाद सोडवायला असा आकडा हजार भाषणांपेक्षा कामाचा आहे.

तो आकडा काढायला माणसं लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाणा होतं. वैद्यकीय महाविद्यालयात गावपातळीवरचं आरोग्य शिकवणारा स्वतंत्र विभाग असतो. विद्यार्थ्यांना गावात जाऊन पाहणी करायची असतेच. ती पाहणी खारपाणपट्ट्यातल्या वीस गावांत आणि डोंगराकडच्या गोड्या पाण्याच्या वीस गावांत, सारख्या वयाच्या माणसांत का होऊ नये? नावासमोर पिण्याच्या पाण्याचा स्रोत, किती वर्षांपासून, अंगदुखीच्या गोळ्या किती, फवारणी कोण करतं, रक्ताचं क्रिएटिनिन, लघवीचा एसीआर. एवढे रकाने पुरे आहेत. आजवर या भागात जे झालं ते बहुतेक शिबिर. शिबिरात त्या दिवशी आलेल्यांचीच मोजदाद होते, आणि येतो तोच ज्याला आधीच त्रास आहे.

आंध्रनं उद्दानमसाठी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. कारण पक्कं सापडायची वाट न पाहता तिथं नळानं शुद्ध पाणी द्यायची मोठी योजना उभी केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पलासा इथं किडनी संशोधन केंद्र व २०० खाटांचं रुग्णालय सुरू केलं. त्यात राजकारण होतं, श्रेयाची लढाईही होती. पण आमदार-खासदारांना तो विषय टाळता आला नाही, कारण पेशंटचा आकडा कागदावर आलेला होता.

लवकर कळलं तर काय फायदा

हा प्रश्न गावात सरळ विचारला जातो. कळून काय करायचं, किडनी तर बरी होत नाही. गेलेली किडनी परत येत नाही हे खरं, पण जाण्याचा वेग कमी करता येतो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा बीपीच्या गोळ्या अल्ब्युमिनची गळती कमी करतात. साखरेसाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनीही किडनीचं आयुष्य वाढतं, हे मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. दोन्ही डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या, कारण सुरुवातीला रक्त पुन्हा तपासावं लागतं. बीपी आटोक्यात, साखर आटोक्यात, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या बंद. कपाशी वेचून पाठ धरली की रोज एक गोळी, असं महिना-महिना घेणारे प्रत्येक गावात आहेत. आजारी किडनीला त्या गोळ्या फार महागात पडतात. शुद्ध न केलेली भस्मं आणि कसलेही काढे, तेही.

दुसऱ्या पारड्यात डायलिसिस टाका. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चारेक तास. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. म्हणजे मशीनचा खर्च वाचतो. पण खामगाव किंवा अकोल्याला जायचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी, हातातल्या फिस्टुलाचं ऑपरेशन, रक्त वाढवायची इंजेक्शनं, हे घराला पुरतं हलवून सोडतं. दोन एकरवाल्याचं एक एकर त्यात जातं. दहा वर्षं आधी काही शे रुपयांच्या एसीआरनं हे टळलं असतं की नाही, प्रत्येकाबाबत सांगता येणार नाही. काहींबाबत नक्की टळलं असतं.

तपासणी करताना

एसीआरसाठी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सर्वात चांगली. थोडी सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत घ्यायची. ताप असताना, लघवीला जळजळ असताना, बायकांनी पाळीच्या दिवसांत, किंवा आदल्या दिवशी उन्हात जबरदस्त काम झालं असेल तर दोन-चार दिवस थांबावं, कारण तेव्हा अल्ब्युमिन खोटं वाढून दिसतं. मुद्दाम जास्त पाणी पिऊन जाण्यात काही अर्थ नाही, ते वर शामरावच्या उदाहरणात आलंच. एकदा ३० च्या वर आलं म्हणून लगेच हाय खाऊ नये. तीन महिन्यांत पुन्हा तपासून तीनपैकी दोनदा वर आलं, तरच ते खरं धरतात.

साखर, बीपी, घरात कोणाला किडनीचा आजार, मुतखडा वारंवार होणं, किंवा वर्षानुवर्षं अंगदुखीच्या गोळ्या, यातलं एकही लागू असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताचं क्रिएटिनिन लिहून देताना डॉक्टरला विचारावं, ‘‘साहेब, लघवीचा एसीआर पण लिहून देता का?’’ तिथं होत नसेल तर कुठं होतो तेही विचारावं. आणि जुने रिपोर्ट फेकू नयेत. दोन वर्षांपूर्वी ०.९, मागच्या वर्षी १.० आणि औंदा १.२, हे तिन्ही कागदावर नॉर्मल छापून येतात. ते एकाखाली एक ठेवून पाहणारा डॉक्टर मात्र चष्मा सरकवून पुन्हा बघतो.